शिवजन्माच्या दोन तारखा, आणि जालावरची इतिहाससाधने वर्गात वापरताना

खडूफळा

मी सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत सातवी आणि नववीला इतिहास शिकवतो. सातवीच्या पुस्तकात 'इतिहासाची साधने' हा पाठ आहे. भौतिक, लिखित आणि मौखिक हे साधनांचे तीन प्रकार मुले घडाघडा म्हणून दाखवतात आणि परीक्षेत गुणही मिळवतात. पण यांपैकी एकही साधन त्यांनी प्रत्यक्ष पाहिलेले नसते. म्हणून यंदा मी असे सांगितले की प्रत्येकाने घरातल्या मोठ्यांच्या मदतीने जालावर एखादे साधन शोधावे आणि त्यातील एका पानाची छापील प्रत वर्गात आणावी.

बहुतेकांनी किल्ल्यांची छायाचित्रे आणली. एका मुलीने मात्र जुन्या इंग्रजी पुस्तकाचे पान आणले होते आणि त्यातील एका ओळीखाली पेन्सिलीने रेघ ओढली होती. शिवाजी महाराजांचा जन्म शिवनेरी किल्ल्यावर मे १६२७ मध्ये झाला, असे त्या ओळीत म्हटले होते. पाठ्यपुस्तकात १९ फेब्रुवारी १६३० आहे. "सर, यातलं खोटं कुठलं?" असे तिने विचारले आणि वर्ग एकदम शांत झाला.

पान खोटे नव्हते. ते जेम्स ग्रँट डफ यांच्या मराठ्यांच्या इतिहासातले होते. हा ग्रंथ १८२६ साली तीन खंडांत प्रसिद्ध झाला आणि आज तो जालावर कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येतो. डफ १८१८ ते १८२२ या काळात आमच्याच साताऱ्यात कंपनी सरकारचे प्रतिनिधी म्हणून राहत होते, हे सांगितल्यावर मुलांना त्या पानाविषयी थोडी आपुलकीही वाटू लागली. तारीख का बदलली हे मी जमेल तसे सांगितले. पण घरी आल्यावर एक गोष्ट मनात घोळत राहिली. जालावर जे संपूर्ण, विनामूल्य आणि कायदेशीररीत्या मिळते, ते बहुतांशी जुने असते. नवे संशोधन विकत घ्यावे लागते किंवा मोठ्या शहरातल्या ग्रंथालयात जाऊन वाचावे लागते. म्हणजे खेड्यातल्या मुलाच्या हाती सर्वांत आधी येते ते शंभर-दोनशे वर्षांपूर्वीचे ज्ञान, आणि ते भ्रमणध्वनीच्या चकचकीत पडद्यावर येत असल्यामुळे त्याला ते कालचेच वाटते.

मी स्वतः नेहमी वापरतो त्या जागा पुढीलप्रमाणे आहेत. पहिली जागा मराठी विश्वकोशाची. वर्गात लगेच वाचून दाखवता येईल अशी भाषा आणि नेमकेपणा दुसरीकडे क्वचित मिळतो. मात्र जुन्या खंडांतील जिल्ह्यांच्या नोंदींत लोकसंख्येपुढे कंसात १९७१ किंवा १९८१ असे साल असते, त्याकडे मुलांचे लक्ष वेधावे लागते. दुसरी जागा जिल्हा गॅझेटिअरांची, म्हणजे जिल्ह्यांच्या सरकारी माहितीग्रंथांची, जुन्या आणि स्वातंत्र्योत्तर अशा दोन्ही. तिसरी इंटरनेट अर्काइव्ह, जिथे मराठीतील हजारो जुनी पुस्तके आहेत, पण ती सापडणे नशिबावर आहे. राष्ट्रीय अभिलेखागाराचे 'अभिलेख पटल' मी उघडून पाहिले आहे, वर्गात अजून वापरलेले नाही.

माझी विनंती अशी की येथील शिक्षक, ग्रंथपाल आणि अभ्यासकांनी स्वतः वापरलेल्या साधनांविषयीच लिहावे, आणि केवळ दुवे न देता ते वापरताना कुठे अडखळायला झाले तेही सांगावे. दुव्यांच्या याद्या पुष्कळ झाल्या आहेत.

मोडीप्रेमी

गुरुजी, आपल्या विद्यार्थिनीचे अभिनंदन. तिच्या पानामागची हकिकत थोडी विस्ताराने सांगतो, कारण साधने म्हणजे काय हे समजावण्यासाठी याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

उत्तरकाळात लिहिलेल्या बखरींत शके १५४९ चा वैशाख महिना जन्मासाठी दिलेला आढळतो. डफ यांच्यासमोर बखरी आणि त्या काळी उपलब्ध असलेले दप्तर होते, त्यामुळे त्यांचे १६२७ तिथूनच आले असावे. पुढे कारीच्या जेधे देशमुखांच्या घराण्यातली शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ साली ती प्रसिद्ध झाली. तीत फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, शुक्रवार अशी नोंद आहे. शकावली म्हणजे कोणत्या साली काय घडले याच्या कोरड्या नोंदी. तिच्यात ना वर्णन, ना स्तुती, ना चमत्कार. नंतर कवींद्र परमानंदांचे संस्कृत 'शिवभारत' प्रसिद्ध झाले. ते महाराजांच्या हयातीत लिहिलेले काव्य असून त्यातही हीच तिथी निघाली. राजस्थानात सापडलेल्या जन्मकुंडलीनेही तिला दुजोरा दिला. एकमेकांशी संबंध नसलेल्या तीन ठिकाणी एकच तिथी मिळाल्यावर अभ्यासकांचा कल तिकडे झुकला, आणि कालांतराने महाराष्ट्र शासनानेही तीच स्वीकारली.

म्हणून त्या मुलीला असे सांगावे की डफ खोटे बोललेले नाहीत. त्यांच्यापुढे जेधे शकावली आलेलीच नव्हती.

जालावरच्या शोधाविषयी एक अडचण मुद्दाम नोंदवतो. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाने चित्रित केलेली मराठी पुस्तके आता मुख्यतः इंटरनेट अर्काइव्हवर पाहायला मिळतात. त्यांची नावे रोमन लिपीत, ज्याने जशी टंकली तशी, नोंदलेली आहेत. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' हे इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांच्या खंडांचे नाव देवनागरीत शोधल्यास अनेकदा हाती काही लागत नाही. रोमन लिपीत 'मराठ्यांच्या' हा शब्द एक 'ए' देऊन, दोन 'ए' देऊन, 'वाय' ठेवून आणि 'वाय' गाळून अशा चार तऱ्हांनी शोधावा, तेव्हा वेगवेगळे खंड सापडतात. प्रकाशनवर्षाच्या रकान्यावरही विसंबू नये. शीर्षकपृष्ठ उघडून तिथले साल पाहावे. दोन्हींत फरक असल्याचे मी अनेकदा पाहिले आहे.

तिथीवार

मोडीप्रेमी यांनी 'शुक्रवार' लिहिले आहे, त्यावरून वर्गात करण्याजोगा एक प्रयोग सुचतो. त्यासाठी जाल नको, साधे कॅलेंडर पुरते.

आपण आज वापरतो ती ग्रेगरियन कालगणना दर ४०० वर्षांनी वारांसह जशीच्या तशी फिरून येते. म्हणजे १६३० चे वार पाहायचे असतील तर २०३० चे कॅलेंडर उघडावे. मुलांना १९ फेब्रुवारी २०३० चा वार पाहायला सांगा. तो मंगळवार निघतो! शकावलीत तर शुक्रवार आहे. आता एक मार्च २०३० पाहायला सांगा; तो शुक्रवार आहे.

गोम अशी की १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख ज्युलियन, म्हणजे ग्रेगरियनच्या आधीच्या जुन्या कालगणनेतली आहे. इंग्रज तीच गणना पाळत असत, आणि मराठेशाहीच्या इतिहासाच्या तारखा इंग्रजी साधनांशी जुळवताना ती रूढ झाली. सतराव्या शतकात दोन गणनांमध्ये दहा दिवसांचा फरक होता, त्यामुळे ग्रेगरियन हिशेबाने तोच दिवस १ मार्च १६३० ठरतो. इंग्लंडने नवी गणना १७५२ साली स्वीकारली. त्या वर्षी तिथे २ सप्टेंबरनंतरचा दिवस १४ सप्टेंबर होता. राज्याभिषेकाची ६ जून १६७४ हीसुद्धा ज्युलियन तारीखच आहे.

जालावर तिथीवरून तारीख काढून देणारी अनेक साधने आहेत. त्यांतली काही मागच्या शतकांनाही सरसकट ग्रेगरियन गणना लावतात, काही लावत नाहीत, आणि आपण काय केले हे पुष्कळ साधने सांगतच नाहीत. अशा साधनाला आधी शिवजन्माची तिथी देऊन पाहावी. उत्तर १९ फेब्रुवारी आले तर ते ज्युलियन, १ मार्च आले तर ग्रेगरियन, आणि तिसरेच काही आले तर ते साधन बाजूला ठेवावे.

दुसरी चूक मुले हमखास करतात ती शकाची. शके १५५१ मध्ये ७८ मिळवून १६२९ लिहितात. फाल्गुन हा शकवर्षाचा शेवटचा महिना असल्याने तोवर इंग्रजी वर्ष उलटलेले असते आणि ७९ मिळवावे लागतात. त्यातही त्या काळच्या इंग्रजांचे कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होत असल्यामुळे त्यांच्या कागदांत तोच फेब्रुवारी १६२९ चा म्हणून नोंदला जाई. वर्गात हे सगळे एका तासात सांगू नये, हे मी स्वानुभवाने सांगतो. वाराचा प्रयोग मात्र मुलांना फार आवडतो.

मांडवीकाठ

तिथीवार यांच्या प्रतिसादाला गोव्याची पुरवणी जोडतो. पोर्तुगालने ग्रेगरियन गणना १५८२ सालीच स्वीकारली होती. त्यामुळे सतराव्या शतकात एकाच दिवशी पणजीच्या बाजूने निघालेले पोर्तुगीज पत्र आणि सुरतेच्या इंग्रज वखारीतून निघालेले पत्र यांच्यावरील तारखांत दहा दिवसांचे अंतर दिसते. दोन्ही पत्रे शेजारी ठेवून एखाद्या स्वारीचा क्रम लावणाऱ्याला पोर्तुगीजांना बातमी उशिरा कळली असे वाटू शकते, आणि प्रत्यक्षात ती त्यांना आधी कळलेली असू शकते.

गोव्याच्या पुराभिलेखागाराची सुरुवात १५९५ सालची आहे आणि त्याची पहिली जबाबदारी दियोगु दो कोतो या इतिहासकाराकडे होती. लिस्बनच्या 'तोरे दो तोंबो' या राष्ट्रीय अभिलेखागाराची सूची आणि पुष्कळ कागदांची चित्रे जालावर पाहता येतात. सूची पोर्तुगीज भाषेत आहे, म्हणून शाळेच्या पातळीवर तिचा उपयोग मर्यादित आहे. परंतु महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना मी ती आवर्जून दाखवतो. 'सिवाजी' हे नाव पोर्तुगीज कारकुनाच्या हस्ताक्षरात पाहिल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसते ते पाठ्यपुस्तकाने दिसत नाही. भाषांतर यंत्रे अशा मजकुराचा सारांश बऱ्यापैकी देतात, पण विशेषनामांची वाट लावतात.

गोव्याचे इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेंकर यांचे काम मात्र जालावर शोधणाऱ्याने कायद्याचे भान ठेवावे. ते १९६९ साली वारले. पुढचे येथील ग्रंथपालांनी सांगावे.

पोथीघर

ग्रंथपाल या नात्याने सांगतो. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे त्याच्या लेखनावर स्वामित्वहक्क असतो. खडूफळा यांनी 'विनामूल्य ते जुने' असे जे निरीक्षण नोंदवले आहे, त्याचे कारण हेच. वि. का. राजवाडे १९२६ साली गेले, त्यामुळे त्यांचे लेखन केव्हाच खुले झाले आहे. जदुनाथ सरकार १९५८ साली गेले. त्यांचे लेखन २०१९ च्या आरंभी खुले झाले. रियासतकार सरदेसाई १९५९ चे, म्हणून २०२०. त्र्यं. शं. शेजवलकर १९६३ चे, म्हणून २०२४. पिसुर्लेंकरांचे लेखन याच हिशेबाने २०३० च्या आरंभी खुले होईल. सेतुमाधवराव पगडी १९९४ साली गेले. त्यांच्यासाठी आपल्यापैकी अनेकांना फार वाट पाहावी लागेल.

ही वर्षे मी पाठ करून ठेवली आहेत, कारण शिक्षक मंडळी महिन्यातून एकदा तरी 'अमुक पुस्तकाची पीडीएफ आहे का' असे विचारतात. पुस्तक जालावर दिसते म्हणजे ते खुले आहे असे नव्हे. वर्गात शिकवण्याच्या ओघात उतारा वापरण्याची मुभा कायद्यात आहे. संपूर्ण पुस्तक गटागटांतून फिरवण्याची नाही. जिवंत लेखकाने वीस वर्षे खपून लिहिलेला ग्रंथ आठशे शिक्षकांच्या गटात टाकणाऱ्यांना मी यापूर्वी सौम्यपणे सांगितले आहे, आणि आता तितक्या सौम्यपणे सांगत नाही.

शासनाची स्वतःची काही प्रकाशने मात्र अधिकृतपणे विनामूल्य आहेत आणि त्यांकडे दुर्लक्ष होते. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावरील पुस्तके, बालभारतीची पाठ्यपुस्तके आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखन व भाषणांचे खंड उतरवून घेता येतात. वसंत मून यांनी संपादित केलेला त्यातला पहिला खंड १९७९ साली निघाला. संविधान सभेतील चर्चाही संपूर्ण उपलब्ध आहेत. ९ डिसेंबर १९४६ च्या पहिल्या बैठकीपासून कोणत्याही दिवसाचे कामकाज उघडता येते. नागरिकशास्त्र शिकवणाऱ्यांनी २५ नोव्हेंबर १९४९ चे बाबासाहेबांचे भाषण मुलांकडून मुळातूनच वाचून घ्यावे.

नीराकाठ

जुन्या गॅझेटिअरांची शिफारस सर्वत्र होते, म्हणून थोडा विरोधी सूर लावतो. मुंबई इलाख्याची ही गॅझेटिअरे जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली निघाली. साताऱ्याचा खंड १८८५ चा, सोलापूरचा १८८४ चा, पुण्याचा तीन भागांत १८८५ चा. पिके, बाजार, रस्ते, घाट, देवळे यांची इतकी बारीक माहिती अन्यत्र नाही, हे मान्य आहे. पण त्यांतील जातींची वर्णने विद्यार्थ्यांच्या हाती तशीच देणे मला गैर वाटते. अमुक जात स्वच्छ, तमुक आळशी, तमुक विश्वासू, असे शेरे तिथे सरकारी माहितीच्या थाटात येतात. वर्गात बसलेल्या कुणा मुलाच्या आजोबा-पणजोबांविषयी तो शेरा असतो. मी शिकत असताना एका शिक्षकांनी असे पान मोठ्याने वाचून दाखवले होते आणि माझ्या शेजारचा मुलगा नंतर दोन दिवस शाळेत आला नाही.

ती पाने लपवावीत असे माझे म्हणणे नाही. वरच्या वर्गात, लिहिणारा कोण, त्याला माहिती पुरवणारा कोण आणि ज्याच्याविषयी लिहिले त्याला कोणी विचारले होते का, हे प्रश्न आधी फळ्यावर लिहून मगच ती उघडावीत.

मी नववी-दहावीसाठी एक जोडी वापरतो. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने फोडली आणि कर्जरोखे व वह्या जाळल्या. दख्खनच्या दंग्यांची सुरुवात ती. पुण्याच्या गॅझेटिअरात शेतकऱ्यांच्या कर्जाविषयी आणि या दंग्यांविषयी मजकूर आहे. त्याच काळात, १८८३ साली, जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पूर्ण केला. तो मराठी विकिस्रोतावर आणि शासनाच्या समग्र वाङ्मयात वाचता येतो. एकाच मुलखातला शेतकरी, लिखाणात दोन-तीन वर्षांचे अंतर. एक मजकूर सरकारी कचेरीतला आणि दुसरा त्या शेतकऱ्याच्या बाजूने उभ्या असलेल्या माणसाचा. मी दोन्हींतले एकेक पान देतो आणि लेखकांची नावे झाकून ठेवतो. कोणते कोणाचे हे मुले तिसऱ्या ओळीत ओळखतात, आणि कशावरून ओळखले हे त्यांना सांगायला लावले की तास कसा संपला ते कळत नाही.

सडा_पाऊस

वरील चर्चा वाचून आनंद झाला, पण कोकणातल्या माझ्या शाळेची स्थिती सांगते. शाळेत संगणक चार, चालू दोन. पावसाळ्यात वीज आणि जाल यांपैकी एक असते, क्वचित दोन्ही. त्यामुळे 'ऑनलाइन साधन' हा शब्द आमच्याकडे 'शनिवारी तालुक्याला जाऊन उतरवून आणलेले साधन' असा वाचावा.

याचा एक फायदाही झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि तिथली जालावरची पुष्कळ सामग्री दीर्घकाळ दिसेनाशी झाली. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये इंटरनेट अर्काइव्हही काही दिवस बंद पडले होते. माझ्याकडे पेनड्राइव्हवर जे होते ते चालूच राहिले. म्हणून माझा नियम असा की जे वर्गात वापरायचे ते आधी उतरवून घ्यायचे, आणि फाइलच्या नावातच लेखक, साल, पृष्ठ व कोठून घेतले ते लिहायचे. 'दस्तऐवज (३)' अशा नावाच्या फाइलींनी माझी दोन वर्षे खाल्ली आहेत.

जुन्या पुस्तकांच्या चित्रांवरून मजकूर ओळखून देणाऱ्या साधनांबद्दल सावध करते. जुन्या शिळाप्रेसच्या, म्हणजे दगडी छापाच्या पुस्तकांत ती जवळपास निरुपयोगी ठरतात. खिळ्यांच्या छपाईत बरी चालतात, पण आकडे चुकवतात. माझ्या एका उताऱ्यात राज्याभिषेकाचे शके १५९६ चे १५१६ झाले होते. नवाचा एक झाला, आणि शिवाजी महाराजांना जन्माच्या ३६ वर्षे आधी राज्याभिषेक झाला. एका मुलाने ते तसेच वहीत उतरवले, आणि मी ते तसेच तपासून सहीही केली.

सातासमुद्रापार

मी परदेशातील एका मराठी शाळेत दर रविवारी मुलांना शिकवते. आम्हांला मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशाचा फार उपयोग होतो. त्याची १८५७ ची आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येते. जुन्या पत्रांतले शब्द आजच्या कोशांत मिळत नाहीत, तिथे मिळतात. मात्र एकदा पेशवेकालीन पत्राचे लिप्यंतर वाचताना 'छ १४' असा मजकूर आला आणि एका मुलाने त्याचा अर्थ 'सहा, चौदा' असा लावला. मलाही नीट सांगता आले नाही.

मोडीप्रेमी

सातासमुद्रापार, 'छ' हे हिजरी महिन्यातील चंद्राच्या तारखेचे चिन्ह आहे. 'छ १४' म्हणजे त्या चांद्रमासाचा चौदावा दिवस. पुढे जमादिलावल, रजब असे महिन्याचे नाव येते. वर्ष बहुधा सुहूर सनात, म्हणजे मराठी कागदपत्रांत रूढ असलेल्या एका कालगणनेत, आणि अरबी अंकवाचक शब्दांत असते. 'इसन्ने सबैन अलफ' म्हणजे दोन, सत्तर आणि हजार, अर्थात १०७२. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन मिळतो. म्हणजे हे वर्ष १६७१-७२ चे. सुहूर वर्ष मृगाच्या सुमारास बदलते, म्हणून दोनपैकी कोणता आकडा मिळवायचा ते महिन्यावरून ठरते.

मोडीविषयीही सांगायचे तर २०१४ साली मोडी लिपी युनिकोडमध्ये आली आणि आता तिचे मुक्त टंकही मिळतात. मुलांना स्वतःचे नाव मोडीत लिहून दाखवावे. कागद वाचणे पुढची गोष्ट आहे, पण लेखणी न उचलता ओळ कशी धावते हे त्यांना त्या नावावरूनच कळते.

परीक्षार्थी

सर्वांविषयी आदर राखून विचारतो. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना दोन तारखा, तीन कालगणना आणि चार लेखक दाखवून आपण नेमके काय साधतो? उत्तरपत्रिकेत १६२७ लिहिणाऱ्याचा गुण जाणार आहे. माझ्या मुलाने हल्ली एका संभाषणयंत्राला प्रश्न विचारला. त्याने पृष्ठक्रमांकासह संदर्भ दिला, आणि मी ते पृष्ठ उघडले तर तिथे भलताच विषय होता. अशा गोंधळात मुलाने पाठ्यपुस्तकाला घट्ट धरून ठेवावे, हेच मला हिताचे वाटते.

खडूफळा

परीक्षार्थी, आपली काळजी रास्त आहे. उत्तरपत्रिकेत १९ फेब्रुवारी १६३० हेच लिहायचे, हे मी वर्गात दोनदा सांगितले आणि फळ्यावर चौकटीत लिहिले. पण आपण ते पृष्ठ उघडून पाहिलेत, म्हणूनच यंत्राची चूक आपल्याला सापडली. माझ्या मुलांना तेवढेच यावे असे वाटते. पान १८२६ चे आहे हे त्या मुलीला ठाऊक असते तर तिने 'खोटं कुठलं' असे न विचारता 'आधीचं कुठलं' असे विचारले असते.

काल तिथीवार यांचा प्रयोग केला. २०३० चे कॅलेंडर भ्रमणध्वनीवर उघडले. मंगळवार निघताच मागच्या बाकावरून "पुस्तक चुकलं" अशी आरोळी आली. एक मार्चचा शुक्रवार निघाल्यावर त्याच बाकावरून दुसरी आरोळी आली, ती येथे लिहीत नाही. त्या मुलीने आपल्या पानाच्या तळाशी स्वतःहून लिहिले आहे: 'लेखन १८२६. जेधे शकावली छापली १९१६. मध्ये ९० वर्षे.' मी तिला नीळकंठ जनार्दन कीर्तने यांच्याविषयी सांगितले. त्यांनी १८६० च्या दशकात, डेक्कन कॉलेजात शिकत असतानाच, ग्रँट डफ यांच्या इतिहासावर जाहीर टीका केली होती. विद्यार्थ्याने साहेबाच्या पुस्तकातल्या चुका काढल्या, ही गोष्ट तिला शकावलीपेक्षाही अधिक आवडल्याचे दिसले.

तास संपता संपता एकाने पाठ्यपुस्तकाचे दुसरे पान उलटून त्याची प्रथमावृत्ती कधीची ते पाहिले, आणि त्यानंतर काही नवे सापडले आहे का, असे विचारले. त्याला पुढच्या आठवड्याची मुदत मागून घेतली आहे.

नीराकाठ, सुप्याच्या तासासाठी आपण वापरता ती दोन पाने कृपया कळवावीत. सडा_पाऊस यांच्या नियमाप्रमाणे शनिवारीच उतरवून घेतो. सोमवारी नववीचा दुसरा तास माझा आहे.

नीराकाठ

व्यक्तिगत निरोपातून पाठवली आहेत. फाइलच्या नावात लेखकाचे नाव आहे, तेव्हा वर्गात पडद्यावर दाखवण्याआधी ते बदलून घ्या. पहिल्या वर्षी माझी पंचाईत तिथेच झाली होती.